पाठकोरा

चिंतामणराव सावळापूरकरांनी नत्थुजीचा उजवा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावरच्या एकशे एकोणचाळिसाव्या चौकटीत टेकवला. मग खिशातून जुन्या धोतराची चिंधी काढून त्यांनी आपली बोटं पुसली. नत्थुजीनं आपला अंगठा ट्रेझरीच्या भिंतीला पुसला. त्या भिंतीवर कमरेच्या उंचीला निळ्या डागांचा एक पट्टाच तयार झाला होता आणि दर महिन्याच्या एक तारखेला तो थोडा रुंद व्हायचा.

“याच्यानं आमचा पगार वाढते काय जी?” नत्थुजीनं विचारलं. तीस वर्षं चपराशाची नोकरी करून तो घरी बसला होता, तरी पेन्शनला अजून पगारच म्हणायचा.

“वाढेल, वाढेल. पुढे सरका.”

मागचा पुढे सरकला. त्याच्या अंगाला विडीचा वास होता आणि त्याच्या नखांत माती होती. चिंतामणरावांनी श्वास रोखून त्याचाही अंगठा धरला. त्यांना या सगळ्याचीच शिसारी येत होती. हे खोकणं, हे खाकरणं, व्हरांड्याच्या कोपऱ्यातली पिंक, आणि दर महिन्याला आपण अजून जिवंत आहोत हे खिडकीत तोंड दाखवून सिद्ध करायचं, याची तर फारच. कचेरीत हेडक्लार्क असताना ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसत. आता बाहेरच्या बाजूला उभं राहावं लागत होतं आणि ते त्यांना चार वर्षांत पचलं नव्हतं.

निदान आज त्यांना खुर्ची होती. अमरावतीच्या पेन्शनर मंडळाचे ते चिटणीस. अध्यक्ष बापूसाहेब, म्हणजे त्यांच्याच कचेरीतले जुने साहेब. मंडळाचा अर्ज दिल्लीला अर्थमंत्र्यांकडे जायचा होता आणि तो चिंतामणरावांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. अर्जाखाली तीनशे सह्या हव्यात असं बापूसाहेबांचं म्हणणं. मोठ्या पेन्शनरांच्या सह्या मोजून सव्वीस झाल्या. बाकीच्या इथे, एक तारखेच्या रांगेत, अंगठ्यांनी भरून काढायच्या होत्या.

कागदावर सावली पडली म्हणून त्यांनी मान वर केली. देवमन खंडारे उभा होता. त्यांच्याच कचेरीतला चपराशी, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. धुतलेलं धोतर, बंद गळ्याचा कोट, पाठ अजून सरळ.

“देवमन? सुरू झालं का तुझं पेन्शन?”

“नाही जी. झालं असतं त रांगेत दिसलो असतो.”

तो चांदूर रेल्वेला राहायचा. दर एक तारखेला सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला यायचा, तिथून अमरावती, आणि खिडकीत विचारून परत जायचा. दोन वर्षांत त्याची एक खेप चुकली नव्हती.

चिंतामणरावांनी सवयीनं पॅड पुढे सरकवला. देवमननं पॅडकडे पाहिलं नाही. त्यानं अर्ज उचलला, हातभर लांब धरला आणि ओठ हलवत वाचायला लागला. सकाळपासून शंभरावर जणांनी त्या कागदावर अंगठा टेकवला होता. तो वाचणारा हा पहिला.

“यात दोन गोष्टी मांगितल्या हायेत,” वाचून झाल्यावर तो म्हणाला. “एक, पेन्शनवाल्याले आयकर माफ करा. दोन, पेन्शन शेकडा दहानं वाढवा.”

“बरोबर.”

“नत्थुजीले आयकर लागते काय?”

“नाही.”

“तुमाले?”

“मलाही नाही. माझं पेन्शन त्याच्या पुष्कळ खाली आहे.”

“मंग कोनाले लागते?”

चिंतामणरावांनी चिंधीची घडी घातली. पहिल्या सव्वीस सह्यांपैकी फार तर दहा-बारांना लागत होता आणि सगळ्यात जास्त बापूसाहेबांना लागत होता. 

“अन् शेकडा दहा म्हंजे,” देवमन म्हणाला, “नत्थुजीले दीड रुपया. बापूसाहेबाले पन्नास.” त्याच्या आवाजात राग नव्हता. कचेरीच्या दारात उभा राहून तो पक्षकारांची नावं पुकारायचा, त्याच आवाजात तो हे बोलला.

“संख्या लागते रे. सव्वीस सह्यांच्या अर्जाला दिल्लीत कोण विचारतो?”

“हां. संख्या.”

पायरीवर बसलेल्या नत्थुजीनं आपला निळा अंगठा उलटासुलटा करून पाहिला आणि धोतरावर घासला. शाई निघाली नाही.

देवमननं अर्ज जागेवर ठेवला आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक सरकारी लिफाफा काढला. “मी तुमच्याकडेच आलो होतो, साहेब. हे पत्र आलं. याचा जवाब लिवून पाह्यजे. तुमच्यावानी अक्षर कोनाचंच नाही.”

चिंतामणरावांनी पत्र वाचलं. देवमन एकोणतीस साली नोकरीला लागला होता. छप्पन साली दोन दिवस विनापरवाना गैरहजर राहिल्यानं त्याच्या नोकरीत खंड पडला होता. खंड पडला की आधीची सगळी नोकरी पेन्शनपुरती पुसली जाते. देवमनची सत्तावीस वर्षं अशी पुसली गेली होती. मागे राहिली होती खंडानंतरची पाच, आणि पाच वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसत नव्हतं. समाधानकारक कारण दाखवल्यास खंड माफ करण्याचा विचार होऊ शकेल, असं शेवटी लिहिलं होतं. मध्ये, अवतरणात, सेवापुस्तकातला शेरा जसाच्या तसा उतरवला होता: ‘दि. १३ व १५ ऑक्टोबर १९५६. रजेचा अर्ज नाही. विनापरवाना गैरहजर.’

ते वाक्य कोणी लिहिलं होतं हे त्यांना सही न पाहता कळलं. इतकी नीटनेटकी वाक्यं त्या कचेरीत एकच माणूस लिहायचा.

“रविवारी घरी ये,” ते म्हणाले. “बघू काय करता येतं.”

रविवारी देवमन आला तो इंदूबाईला घेऊन. तो चिंतामणरावांच्या अंबापेठेतल्या घराच्या ओसरीच्या कडेला बसला, त्याची बायको खालच्या पायरीवर. ती जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. तिच्या केसांत आणि लुगड्याच्या विणीत कापसाचे तंतू अडकले होते आणि दर चार शब्दांनी तिला खोकला येत होता. नवऱ्याला पेन्शन मिळालं की जिन सोडायचं, असं ती दोन वर्षं म्हणत होती. माणिकबाईंनी, म्हणजे चिंतामणरावांच्या पत्नीनं, चहा आणून ठेवला आणि त्या तिथेच दाराशी टेकून उभ्या राहिल्या.

“आमच्या कुंदाच्या लग्नात लाकडं फोडली होती ना तुम्ही?” त्यांनी देवमनला विचारलं.

“हो जी. बाभळीची होती. लय चिवट.”

चिंतामणरावांनी घसा साफ केला आणि तयार करून ठेवलेला मसुदा वाचून दाखवला. ‘सदरहू दिवशी अर्जदार तीव्र ज्वराने अंथरुणास खिळला असल्याकारणाने रजेचा अर्ज देऊ शकला नाही. झाल्या चुकीबद्दल अर्जदार अत्यंत दिलगीर आहे.’ वाक्य चांगलं उतरलं होतं. वाचताना त्यांना ते जाणवलंही.

“हे खोटं हाये,” देवमन म्हणाला.

“अरे बाबा, अर्जात असंच लिहायचं असतं. तेव्हा तुम्ही सहा जण नागपूरला दीक्षेला गेलात. परत आल्यावर पाच जणांनी डॉक्टरची चिठ्ठी आणून दिली. त्यांची रजा कायम झाली. आज पाचही जण एक तारखेला पेन्शन घेतात. तू तेवढा अडून बसलास.”

“तवाबी तुमी हेच सांगतलं होतं. चिठ्ठी आन म्हनून.”

“मग आणायची होतीस.”

“म्या अर्ज देल्ला होता, साहेब. बुधवारी. तुमच्या टेबलावर. सोताच्या हातानं लिवला होता.”

“तो मला मिळाला नाही,” चिंतामणराव म्हणाले. सात वर्षांपूर्वी त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं. आताही ते सहज तोंडातून निघालं, जराही अडखळलं नाही.

देवमननं चहाचा कप खाली ठेवला. “बरं,” तो म्हणाला. “नसंल मियाला. पन मी बिमार होतो असं नोका लिवू. त्या दिवशी मी बिमार नव्हतो. जल्मात एकडाव चांगला होतो. तेच चुकलं म्हनून कसं लिवून देऊ?”

चिंतामणरावांना संताप आला. इतका साधा मार्ग समोर ठेवलाय आणि हा माणूस त्याला पाय लावतोय. ते पायरीकडे वळले. “इंदूबाई, तुम्ही तरी सांगा ह्याला. महिन्याचे अठरा-वीस रुपये आहेत. जन्मभराचे.”

इंदूबाईनं खोकला आवरला. “मले पैसा पाह्यजे, साहेब. लय पाह्यजे. छातीत कापूस भरला माह्या. पन मी बी संगं होती ना. पांढरं लुगडं नेसून. मले ठाव हाये तो बिमार नव्हता.”

मसुदा तिथेच राहिला. देवमननं कप उचलून नळाखाली धुतला, उपडा घातला, आणि दोघं स्टेशनकडे चालत गेली. कप धुवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि नको असंही कोणी म्हटलं नव्हतं.

चिंतामणराव बराच वेळ हात चोळत बसून होते. मग आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. माणिकबाई बाहेर आल्या आणि त्यांनी चार घड्यांचा एक पिवळा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“कुंदाच्या लग्नाची यादी,” त्या म्हणाल्या.

“ही आत्ता कशाला?”

“मागची बाजू बघा.”

चिंतामणरावांची एक सवय होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. एका बाजूला कोरा असलेला कागद त्यांनी आयुष्यात कधी टाकला नाही. महायुद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा लागलेली ही सवय पुढे सुटली नाही. कचेरीतले पाठकोरे कागद ते घरी आणत. वाण्याची यादी त्यावर, कुंदाची गणितं त्यावर, वडिलांच्या श्राद्धाचं सामानसुद्धा त्यावरच. कुंदाचं लग्न छप्पनच्या डिसेंबरात झालं. त्याची यादी ज्या कागदावर होती, त्याच्या दुसऱ्या बाजूला निळ्या पेन्सिलीनं, नुकतं लिहायला शिकलेल्या माणसाच्या मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

‘हुजूरचे शेवेशी. देवमन चपराशी याचा अर्ज. शनिवार व सोमवार दोन दिवस रजा मिळावी. नागपुरास दीक्षा घेण्यास जाणे आहे.’

आणि वरच्या कोपऱ्यात, काळ्या शाईत, बारीक आणि सुरेख: ‘मिळाला. १०-१०-५६. चिं.’

टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदावर आधी मिती टाकायची आणि मगच तो वाचायचा, ही त्यांची दुसरी सवय.

“मी तेव्हाच वाचलं होतं,” माणिकबाई म्हणाल्या. “मला वाटलं, रजा दिली असेल, म्हणून कागद रिकामा झाला.”

त्या आत गेल्या. चिंतामणराव एकटेच त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. काही विसरलं नव्हतं. त्या बुधवारी बापूसाहेबांनी त्यांना आत बोलावून सांगितलं होतं, सहाही चपराशी एकदम नागपूरला निघालेत, चिंतामणराव, कचेरी कोण झाडणार? अर्ज आलेच नाहीत असं समजा. मिती टाकून झाल्येय, असं चिंतामणराव म्हणू शकले असते. ते म्हणाले नाहीत. साहेबांचा शब्द हे एक कारण झालं. दुसरं असं की त्यांनाही ते आवडलं नव्हतं. ज्या माणसानं काल झाडू मारला त्यानं आज स्वतःच्या अक्षरात, ‘दीक्षा घेण्यास जाणे आहे’ असं लिहावं, कृपा असावी नाही, विनंती नाही, नुसतं जाणे आहे. कागद ड्रॉवरमध्ये गेला. तीन आठवड्यांनी राज्यच बदललं. मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जायचं म्हणून सगळी सेवापुस्तकं महिनाअखेर पुरी करायची घाई उठली आणि त्या घाईत त्यांनी तो शेरा लिहिला. अगदी स्वच्छ अक्षरात.

आपल्याच अक्षराची त्यांना किळस आली.  ते उठले आणि कोट चढवून कॅम्पात बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेले.

बापूसाहेब बागेत उन्हाला बसून संत्री खात होते. मांडीवर आयकराचे कागद होते. एक एक फोड तोंडात घालून ते चोखत आणि बी आणि चोथा शेजारच्या पितळी वाटीत थुंकत. वाटी अर्धी भरली होती.

“दरोडा आहे हा, चिंतामणराव, दरोडा,” ते म्हणाले. “बत्तीस वर्षं सरकारची सेवा केली. आता बसून दोन घास खावेत, तर त्यातही ह्यांचा हात. म्हाताऱ्या माणसाच्या ताटातलं ओढून घेतात. न्याय म्हणून काही राहिला नाही. किती झाल्या सह्या?”

“दोनशे अकरा. त्यात अंगठे बरेच.”

“अंगठे चालतात.”

चिंतामणरावांनी देवमनची हकीकत सांगितली. कागद सापडल्याचं सांगितलं. कोपऱ्यातल्या मितीचंही सांगितलं. बापूसाहेबांचं चोखणं थांबलं नाही, पण डोळे थोडे बारीक झाले.

“कुठे आहे कागद?”

“घरी.”

“घरीच असू द्या. सात वर्षं होता ना? बिघडलं का काही?” त्यांनी चोथा थुंकला. “पेन्शन म्हणजे काही आपली इस्टेट नव्हे. सद्वर्तन असेतोच ते मिळतं. नियम तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहेत. अर्ज दडवला असं तुम्ही लिहून दिलंत, तर पहिल्यांदा कोणाचं बंद होईल?”

“आपण सांगितलं होतंत,” चिंतामणराव म्हणाले. नोकरीच्या तीस वर्षांत असं वाक्य त्यांनी साहेबांपुढे उच्चारलं नव्हतं.

“मी सांगितल्याचा कागद आहे?”

कागद नव्हता.

बापूसाहेब हसले. मग त्यांनाच जरा वाईट वाटलं असावं. “हे बघा, मी काही दुष्ट माणूस नाही. गरीब आहे बिचारा. मंडळाच्या फंडातून महिन्याला पाच रुपये द्या त्याला. मदत म्हणून. पावती घ्या. आणि अर्जावर त्याचा अंगठाही घ्या, म्हणजे दोनशे बारा होतील. संत्रं घ्या.”

चिंतामणरावांनी संत्रं घेतलं. घेतलं, याचाच त्यांना पुढे कित्येक दिवस सगळ्यात जास्त राग येत राहिला. परतताना इर्विन चौकाजवळ त्यांनी ते एका गाईपुढे टाकलं. गाईनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं.

पुढल्या एक तारखेला ते पुन्हा ट्रेझरीच्या व्हरांड्यात त्याच खुर्चीत बसले होते. टेबलावर अर्ज, पॅड, दौत, टाक. कोटाच्या उजव्या खिशात मंडळाची पाचाची नोट आणि छापील पावती. डाव्या खिशात चार घड्यांचा पिवळा कागद. तो त्यांनी सकाळी पेटीतून काढून घेतला होता. माणिकबाईंच्या हातून तो कुठे जाऊ नये म्हणून घेतला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. ट्रेझरीपर्यंत चालत येताना ते दोनदा उघड्या गटाराजवळ थांबले. दोन्ही वेळा खिशात हात गेला आणि तसाच बाहेर आला.

रांग मागच्या महिन्यासारखीच होती. नत्थुजी पायरीवर बसला होता. त्याचं पेन्शन घेऊन झालं होतं, पण ऊन चांगलं होतं म्हणून तो हलला नव्हता. देवमन खिडकीत विचारून आला आणि टेबलाशी उभा राहिला. त्याच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी होती.

“काही आलं काय जी, माहं?”

“इंदूबाईंची तब्येत कशी आहे?”

“जिनात हाये.”

चिंतामणरावांनी उजव्या खिशात हात घातला. नोट काढून त्यांनी ती अर्जावर ठेवली आणि पॅडच्या कोपऱ्यानं दाबली. “हे मंडळाकडून. दर महिन्याला मिळतील. पावतीवर सही कर आणि इथे एक अंगठा... म्हणजे सही.”

देवमननं नोटेकडे पाहिलं. मग चिंतामणरावांकडे पाहिलं. “कायचे?”

“मदत म्हणून.”

“कोनाकडची लाकडं फोडाची हायेत?”

त्यानं हे उपरोधानं विचारलं असतं, तर चिंतामणरावांना उत्तर देता आलं असतं. पण तो खरंच विचारत होता. आयुष्यभर त्याला नोकरीबाहेरचा पैसा कशासाठी मिळाला असेल, हे त्या एका प्रश्नात होतं. पायरीवरचा नत्थुजीसुद्धा मान वळवून उत्तराची वाट पाहत होता, काम कुठलं निघालंय म्हणून.   चिंतामणरावांनी नोट काढून परत खिशात कोंबली. दुसरा हात डाव्या खिशात गेला आणि या वेळी तो रिकामा आला नाही.

“हा तुझा अर्ज,” ते म्हणाले. “मला मिळाला होता.”

देवमननं कागद दोन्ही हातांनी घेतला. घड्या हळूहळू उलगडल्या. त्यानं आधी सगळा अर्ज वाचला, मग कोपरा. त्याचा चेहरा फारसा बदलला नाही. स्वतःच्या अक्षरांवरून त्यानं एकदा बोट फिरवलं.

“म्या सांगतलं होतं तुमाले,” तो म्हणाला. “बुधवारी देल्ला होता.”

“हो.”

“तुमाले ठाव होतं.”

“हो.”

हे एवढंच असेल असं चिंतामणरावांना वाटलं. आता तो कागद खिशात घालेल, शिव्या देईल, किंवा उलट पाया पडेल, आणि मग पुढचं जे व्हायचं ते होईल. पण देवमननं कागद उलटा केला आणि मागची बाजूही वाचायला घेतली. वाचता यायला लागल्यापासून त्यानं कुठलाच कागद अर्धा सोडला नव्हता.

“साखर दोन मण,” तो वाचत गेला. “तूप एक डबा. मांडव, जाजम. हे कुंदाताईच्या लगनाचं हाये.” त्याचं बोट खाली सरकत राहिलं आणि एका ओळीवर थांबलं. “देवमन. लाकडे फोडणे, पाणी भरणे. दोन दिवस. कचेरीतून.”

ती ओळ कागदावर आहे हे चिंतामणरावांच्या ध्यानीमनी नव्हतं. महिनाभर त्यांनी त्या कागदाची एकच बाजू पाहिली होती.

“हे दोन दिवस,” देवमननं विचारलं, “हजेरीत काय लिवले होते, साहेब?”

खिडकीतून पुढचं नाव पुकारलं गेलं. कोणी तरी रांगेत पुढे सरकलं. चिंतामणरावांनी चिंधीनं बोटं पुसली. आज त्यांनी अजून एकही अंगठा धरला नव्हता, बोटांना काही लागलेलं नव्हतं.

“हजर,” ते म्हणाले.

देवमननं मान हलवली. हिशेब जुळावा तशी नव्हे, ऐकू आलं एवढं सांगण्यापुरती. “मंग चारही दिवस लिवा,” तो म्हणाला. “जे जसे होते तसे. तुमच्या अक्षरात.”

चिंतामणरावांनी टाक दौतीत बुडवला. आधी कच्चं लिहावं, मग पक्कं, ही कचेरीची रीत, आणि कच्चं लिहायला समोर दुसरा कागद नव्हता. हात आपोआपच अर्जाकडे गेला. दोनशे अकरा सह्या आणि अंगठ्यांचा तो शेवटचा ताव त्यांनी उलटला. मागची बाजू कोरी होती. आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

देवमननं त्या तावावर तळहात ठेवला.

“पाठकोऱ्यावर नोका लिवू,” तो म्हणाला.

त्यानं वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडली. आत एक नवा फुलस्केप ताव होता, घडी न घातलेला. दर एक तारखेला तो चांदूरच्या दुकानातून तसा एक ताव घेऊन निघत असे, कोणी लिहून देईल म्हणून. चिंतामणरावांनी तो पुढ्यात घेतला आणि लिहिण्यापूर्वी सवयीनं उलटून पाहिला.

मागूनही तो कोराच होता.